मंगेशच्या गिटारीचा हम

परवा सकाळच्या एसटीनं अकोल्याहून अमरावतीला गेलो. माझा दोस्त मंगेश याच्या घरी. तो गेल्यापासून त्या घरी जायचं मी टाळतच होतो... पण वहिनीचा स्वतःहून फोन आला, मग नाही म्हणवलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मंगेश ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. लग्न असो, नवरात्र असो, कॉलेजचं गॅदरिंग असो, हा हजर. परतवाड्याजवळ एका लग्नात स्टेजवरच करंट लागून गेला. हात तारांवर, ओठ माईकला... कोरस म्हणत होता.

वहिनीचं काम सरळ होतं. पोरगी नववीत आहे, तिला बापाची गिटार वाजवायची आहे. सासरे म्हणतात, ज्या वस्तूनं माझा पोरगा खाल्ला ती घरात नको, भंगारात द्या. "तुमीच पाहा भाऊ," वहिनी म्हणाली. "तिच्यात दोष असन तर मीच देऊन टाकीन."

माझा बॅटरीवरचा छोटा अँप, म्हणजे अँप्लिफायर, सोबत नेला होता. गिटार लावली आणि गुंऽऽ सुरू झालं. आम्ही त्याला हम म्हणतो.

आता हे थोडं समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच आहे. इलेक्ट्रिक गिटारीच्या तारांखाली पिकअप असतात. आत चुंबक आणि भोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं. ते तारांचा सूर पकडतं आणि सोबत ट्यूबलाईटची, फ्रिजची, सगळ्या लाईनीची भुणभुणही पकडतं.

म्हणून तीन पिकअपच्या गिटारीत मधलं वेटोळं बहुतेक वेळा उलटं गुंडाळतात आणि त्याचं चुंबकही उलटं बसवतात. शेजारचा पिकअप सोबत लावला की एकाची भुणभुण दुसऱ्याची कापते, सूर मात्र शाबूत राहतो. नुसत्या वायरी उलट्या जोडून भागत नाही, सूरच पत्र्यासारखा पातळ होतो. चुंबकही पलटवावं लागतं.

मंगेशनं मधला पिकअप कधीतरी बदललेला दिसला. होकायंत्र वर धरलं तर तिन्हींवर सुई एकाच बाजूला वळली. म्हणजे नवा बाकीच्यांसारखाच सरळ बसवलेला, आणि दोन लावले तरी हम कापला न जाता तसाच राहत होता. कानाला त्रास देणारा दोष होता, जीव घेणारा नव्हता. मला बरं वाटलं, तसं मी वहिनीला सांगितलंही.

मग कोपऱ्यातल्या, तो स्टेजवर न्यायचा त्या अँपवरची चादर काढली. प्लग हातात घेतला तर वरची जाड पिन नाही. मुळापासून कापलेली.

आमच्या लाईनीतली ही जुनी खोड आहे. हम आला की कोणीतरी शहाणा म्हणतोच, अर्थिंगची पिन काढून टाक. दोन मशीनींच्या अर्थिंगमुळे येणारा एक वेगळा हम असतो, तो कधीकधी यानं जातोही. मग सगळ्यांना वाटतं, हेच औषध.

पण ती पिन नसली आणि अँपच्या आत काही बिघडलं, तर करंट केबलमधून थेट गिटारीच्या तारांवर येतो. समोर माईकचं अर्थिंग चांगलं असतं. आणि मधे माणूस.

माझं डोकंच फिरलं. "कोण्या गाढवानं कापली ही?" तोंडातून निघून गेलं.

वहिनी चहाचे कप उचलत होती. "त्यायनंच कापली," ती म्हणाली. "इथंच बसून. यानं आवाज जाते म्हणे." कप परत खाली ठेवले आणि म्हणाली, "पक्कड म्याच आणून देल्ली होती."

तुमचा काय दोष वहिनी, असं काहीतरी म्हणालो. तिनं ते ऐकलंही नसावं. "त्यानं आवाज गेला असता का भाऊ?" तिनं विचारलं.

हो म्हणून मोकळं व्हावं असं फार वाटलं. पण त्याच घरात आता पोरगी गिटार वाजवणार होती... "नाही वहिनी. हा हम गिटारीतलाच होता. पिन कापून जाणारच नव्हता."

मग तिच्यासमोरच काम केलं. मधला पिकअप काढला, खाली चिकटवलेलं चुंबक सोडवून पलटवलं, दोन वायरींची अदलाबदल करून सोल्डर मारलं. एकेकटा पिकअप लावला तर अजूनही गुणगुणत होता. दोन सोबत लावले... आणि खोली शांत झाली.

"येवढंच होतं?"

हो म्हणालो. ती पलंगावर बसली आणि बराच वेळ गिटारीकडे पाहत राहिली. ते पाहणं मला सहन होईना, म्हणून मी उगाच सामान आवरत बसलो. त्या अँपची वायर कापून टाकली आणि भंगारात द्यायचं असेल तर हा द्या, असं सांगितलं.

निघताना वहिनी दारापर्यंत आली. गिटार घरातच राहणार होती. "रविवारी येत जा भाऊ, पोरीले शिकवाले," ती म्हणाली. "पिनीचं तिले तुमी सांगा. पक्कडीचं मी सांगीन."

परतीच्या एसटीत मी रडलो, लपवत नाही. माझ्या वाजवणाऱ्या भावांनो, एवढंच सांगायचं होतं... स्टेजवर हम आला तर येऊ द्या. पब्लिकला तो ऐकूही येत नाही.