ठकीची ताठ मान

"मान वाकत नाही म्हणजे नाहीच!" भिसेगावच्या त्या अंगणात मी सगळ्यांदेखत जाहीर केलं. चार वर्षांच्या ठकीच्या डोक्यामागे हात घालून मी तिची हनुवटी छातीकडे नेऊ पाहत होतो. पोर मान ताठ करून किंचाळत होती. अंगात ताप, पायांवर जांभळे ठिपके. माझी तर खात्रीच पटली.

मी तेव्हा कर्जतच्या दवाखान्यात हॉस्पिटल असिस्टंट होतो. अगदी कोरा करकरीत. मेंदूवरच्या आवरणाला सूज आली की ताप चढतो, मान लाकडासारखी होते, कधी अंगावर ठिपके उठतात. लहान मूल एकदोन दिवसांतही हातचं जातं. पुस्तकात याला स्पॉटेड फीव्हर म्हटलं होतं आणि ते पान मला तोंडपाठ होतं. रोग पसरू नये म्हणून ठकीला नदीपलीकडच्या झोपडीत एकटीला ठेवायचं, असं मी ठरवूनही टाकलं.

"एकली? ती माज्याबिगर झोपत नाय वो डाक्टर," म्हणत तिची आई गोदी रडायला लागली. मी पुस्तकी चेहरा करून उभा राहिलो.

तेवढ्यात माझे वरिष्ठ, डॉक्टरसाहेब, नेरळहून तट्टावर आले. माझा रिपोर्ट त्यांनी शांतपणे ऐकला. मग रुमाल ओला करून ठकीच्या पायावर घासला. रुमाल जांभळा झाला.

"ही साथ जांभळीच्या झाडावरनं आलेली दिसते," ते म्हणाले.

मी घसा खाकरला. "पण साहेब, मान?"

"तिला विचारलंत का?"

"कोणाला?"

"जिची मान आहे तिला." साहेब उकिडवे बसले. "ठके, मान का गं वाकवत नाहीस?"

"अंगारा सांडंल," ठकी म्हणाली.

तिच्या कपाळावर राखेचा जाड थर होता. मी तो पाहिला होता, पण पुस्तकात तो नव्हता. गोदीनं डोळे पुसले. "भगतानं सांगितलंय, दिस मावळंस्तोवर अंगारा खाली पडू द्याचा नाय. पडला तर ताप परत येल."

साहेबांनी ठकीच्या कपाळाखाली ओंजळ धरली. "मी झेलतो. वाकव आता."

ठकीनं हनुवटी थेट छातीला टेकवली आणि ओंजळीत किती पडला तेही वाकून पाहिलं. साहेबांनी तो पुन्हा तिच्या कपाळाला लावला. मग मान खाली घालायची पाळी माझी होती.

ताप साधा होता, दुसऱ्या दिवशी उतरला. श्रेय भगताला गेलं. मी दिलेलं कडू मिक्श्चर गोदीनं बाटलीसकट परत केलं.

पुढे नोकरीत खऱ्या ताठ माना पाहिल्या. त्या पोरांनाही मी आधी विचारायचो, पण तापाच्या ग्लानीत बहुतेकांकडून उत्तर येत नसे. तेव्हा ठकीची फार आठवण यायची. मान तपासण्याआधी मानेच्या मालकाला विचारावं. उत्तर आलं, तर निम्मा जीव तिथंच भांड्यात पडतो.