प्रज्ञाची तीनचाकी आणि आमचा स्टाफ

तीस वर्षं मास्तरकी केली की माणसाजवळ दोन गोष्टी साठतात, गुडघेदुखी आणि किस्से. गुडघ्यांना मलम मिळतं. किस्से मात्र कुणाला तरी सांगितल्याशिवाय ठणकायचे थांबत नाहीत. आज फक्त एका बाबागाडीचे सांगते. गावाचं नाव विचारू नका. मुखेड तालुक्यातलं आहे एवढं पुरे, माझी अजून दोन वर्षं नोकरी बाकी आहे.

आमची शाळा चौथीपर्यंत. शिक्षक चार. हेडसर, जाधव सर, मी आणि सगळ्यांत लहान प्रज्ञा सोनकांबळे. खिचडी शिजवायला शेवंतामावशी. प्रज्ञाचा नवरा लातूरला नोकरीला, ही मुखेडला खोली करून. बदलीचा अर्ज कुठल्या तरी टेबलावर सुखाने झोपलेला. बाळंतपणाची रजा संपली तेव्हा तिची लेक मैत्री सात महिन्यांची होती. सासूबाई बिलोलीला अंथरुणाला खिळलेल्या, आई नाही, म्हणजे लेकरू सांभाळायला घरात कुणी नाही. एसटी सोडते फाट्यावर, आणि फाट्यापासून शाळा दीड किलोमीटर, सगळा मुरूम आणि खडी. सिझेरियन झालेलं, डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केलेली. एक तर लेकराला गाडी, नाही तर बिनपगारी रजा आणि मग राजीनामा. तिसरा रस्ता नव्हता.

मला ह्यातलं कळतं. ह्याच नोकरीसाठी माझा मुलगा मी तीन वर्षं रेणापूरला आईकडे ठेवला होता. सुट्टीत गेले की तो मला ‘बाई’ म्हणायचा. तेव्हा ह्या विषयात मी निःपक्षपाती नाही, आधीच सांगून ठेवते.

*

गाडी घ्यायला आम्ही रविवारी नांदेडला गेलो. प्रज्ञा, मी आणि न बोलावता जाधव सर. त्यांना ‘गाड्यांतलं कळतं’. त्यांच्याकडे बुलेट आहे. ती आठवड्यातले चार दिवस गॅरेजात असते, पण कळतं.

दुकानात शिरल्या शिरल्या त्यांनी एका बाबागाडीचा दांडा धरला, दोनदा दाबून बघितला आणि सेल्समनला विचारलं, “पिकअप कसाय?”

सेल्समन शांतपणे म्हणाला, “सर, ते ढकलणाऱ्यावर आहे.”

मग त्याने चारचाकी दाखवली. गुलाबी छत्री, पुढे खेळण्यांचा ट्रे, बटण दाबलं की इंग्रजी गाणं. दुकानातल्या फरशीवर एका बोटाने पळत होती. जाधव सर म्हणाले, “हीच घ्या.” प्रज्ञाने खांद्यावरच्या पिशवीतून ज्वारीचं गाठोडं काढलं, गाडीत ठेवलं आणि वर पट्टा बांधला.

“मॅडम, हे काय?”

“माझी मुलगी. हिचं वजन एवढंच आहे.”

आणि गाडी घेऊन ती सरळ दुकानाबाहेर! बाहेर पाइपलाइनसाठी रस्ता खोदलेला होता. चारचाकीची पुढची इवलीइवली चाकं पहिल्याच खडीत अडकली, ज्वारी पुढे झुकली, आणि गाणं मात्र चालूच. मग तिने कोपऱ्यातली तीनचाकी मागितली. हवेची मोठी चाकं, पुढे एकच. ती खडीवरून, मातीच्या ढिगावरून, मुकाट चढली आणि उतरली. प्रज्ञाने उतारावर पायाचा ब्रेक लावून हात सोडला आणि ओठांतल्या ओठांत वीस मोजले. गाडी जागची हलली नाही. सेल्समन मागून ओरडत होता, “मॅडम, टायर घाण होतील!”

“मी दुकानात फिरवायला घेत नाही दादा,” ती म्हणाली.

जाधव सरांना शेवटी तज्ज्ञाचं मत देणं भाग होतं. ते म्हणाले, “लाल कलर घ्या. रीसेलला बरं पडतं.” तिने निळी घेतली.

*

पहिल्याच दिवशी कंडक्टरने गाडी अडवली. प्रज्ञाने ती घडी घालून सीटमागे सरकवली होती, मैत्री मांडीवर. कंडक्टर बराच वेळ त्या चाकांकडे बघत राहिला.

“मॅडम, तिकीट लागंल.”

“सात महिन्यांच्या लेकराला?”

“लेकरू फ्री हाय. गाडीला लागंल.”

“ती गाडीतच बसून चाललीय की, आपल्या एसटीत.”

“मंग गाडीतली गाडी म्हणून अर्धं लागंल.”

मागून एक म्हातारी म्हणाली, “आरं, तुझ्या एसटीला तरी कुठं समदी चाकं धड हायत? तिला सोड.” त्यावर बस हसली, आणि बस हसली की कंडक्टरचा कायदा संपतो. दुसऱ्या दिवसापासून गाडी फाट्यावरच्या पंक्चरच्या दुकानात ठेवायची सोय झाली.

*

आता हेडसर. हे म्हणजे संस्कारांचा माणूस. शाळेच्या भिंतीवर त्यांनी स्वतः सुविचार रंगवले आहेत, त्यातल्या निम्म्यांचं पालन त्यांच्या बायकोने करायचं असतं.

गाडी गेटातून आत आली आणि त्यांनी चाकं मोजली. “तीन तिगाडा, काम बिगाडा. मॅडम, आपल्याकडं तीनचं काही शुभ नसतंय. लातूरला माझ्या वळखीचा वेल्डिंगवाला हाय, चौथं चाक बसवून देतो.”

थट्टा वाटली ना? जाधव सरांनी फळ्यावर आकृतीसुद्धा काढली. चौथं चाक पुढे बसवायचं की बाजूला, ह्यावर दोन तास चर्चा. तिसरीचा गणिताचा तास त्यात गेला. भागाकार होता, राहू द्या, असं काय अडतं पोरांचं!

आठवड्याने प्रज्ञाचे सासरे बिलोलीहून मैत्रीसाठी घरचं तूप घेऊन आले. पोस्टमन म्हणून रिटायर झालेला, मोजकं बोलणारा माणूस. हेडसरांनी त्यांना चहा पाजला आणि चौथ्या चाकाचा विषय काढला. “तुम्ही तरी सुनेला समजावून सांगा. तीन आकडा लई वंगाळ.”

सासऱ्यांनी चहा संपवला. कप खाली ठेवला.

“सर, आमच्या घरात बुद्धं, धम्मं, संघं, तीनच सरणं हायत. माझ्या बापानं छप्पन साली घेतली. तेवढ्यावर पोरं शिकली, सून मास्तरीण झाली. आता गाडीलाच चौथं कामून लागायलंय?”

हेडसरांच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं. वेल्डिंगवाल्याचं नाव त्यानंतर कधी निघालं नाही.

*

गाडी घेणं सोपं, सांभाळणं अवघड. आणि ती जाधव सरांपासून सांभाळणं त्याहून अवघड!

एकदा पुढच्या चाकात हवा कमी वाटली. प्रज्ञा मैत्रीला घेऊन सावलीत उभी होती, तेवढ्यात सर फाट्यावर पंक्चरवाल्याला म्हणाले, “भर रे फुल्ल. आमच्या बुलेटला भरतोस तेवढी.” पंक्चरवाला म्हणाला, “सर, टायरवर आकडा लिवलेला आस्तोय, वाचू का?” सर म्हणाले, “मला शिकवून राहिला का?”

असा आवाज झाला की हॉटेलातली माणसं बाहेर आली. मैत्री दचकून रडायला लागली, प्रज्ञा पांढरीफटक. जाधव सरांनी फाटलेली ट्यूब हातात घेऊन निदान केलं, “चायनाचा माल हाय.”

त्या दिवशी प्रज्ञाने टाके दुखत असताना लेकरू उचलून दीड किलोमीटर आणलं. सर बुलेटवरून पुढे निघून गेले होते. मला एवढा राग आला की त्यांच्याशी मी दोन दिवस बोलले नाही, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. पंक्चरवाल्याने संध्याकाळपर्यंत लहान पोरांच्या सायकलची ट्यूब शोधून आणली आणि बसवली. ती बरोबर बसली.

तेव्हापासून प्रज्ञा कुणाला हात लावू देत नाही. रोज मैत्रीला बसवायच्या आधी पट्टा ओढून बघते. शनिवारी शाळा सुटल्यावर चाकांतली काळी माती काडीने कोरून काढते, बाभळीचे काटे चिमट्याने उपसते, ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवते. जाधव सर लांबून बघतात आणि म्हणतात, “एवढं मेंटेनन्स तर मी बुलेटचं बी करत न्हाई.” ते आम्हाला माहीत आहे.

*

तरी एकदा चाक कुरकुरलं. प्रज्ञा वर्गावर होती. ‘ऑइलिंग’ करायला जाधव सर खिचडीच्या खोलीतून गोडेतेलाची बाटली घेऊन आले आणि तिन्ही चाकांत सढळ हाताने ओतलं. तासाभरात मुंग्यांची रांग लागली, चाकापासून सीटपर्यंत.

शेवंतामावशी बाटली शोधत आली. तिने तेल बघितलं, मुंग्या बघितल्या, सरांना बघितलं.

“सर, लेकरू फोडणीला टाकायलाव का?”

*

मग तालुक्याचे साहेब आले. भेटीची खबर आदल्या दिवशीच लागली होती. हेडसरांनी हुकूम सोडला, “ती गाडी सरपणामागं लपवा. लेकरू बी.” लेकरू सरपणामागे लपवता येत नाही, हे त्यांना मला समजावून सांगावं लागलं.

साहेबांनी फिरता फिरता गाडी बघितलीच. “हे काय?”

हेडसरांची पापणी लवली नाही. “नवोपक्रम, साहेब. माता-स्नेही शाळा! मीच पुढाकार घेतला.”

साहेब खूश. फोटो पाहिजे म्हणाले. पण मैत्रीच्या तोंडाला वरण लागलेलं होतं आणि ती भोकाड पसरून रडत होती. म्हणून तिला काढलं आणि पहिलीतल्या एका हसऱ्या पोराला गाडीत कोंबलं. त्याचे गुडघे हनुवटीला लागले होते. दांड्यावर हेडसरांचा हात, शेजारी साहेब, पाठीमागे जाधव सर छाती काढून. फोटो तालुक्याच्या ग्रुपवर गेला, चाळीस अंगठे आले.

त्यात प्रज्ञा का नाही, असं मला दुसऱ्या शाळेतल्या एकीने विचारलं. मी म्हटलं, फोटो तीच काढत होती.

*

अंगठे मिळाले तरी हेडसरांच्या मनातली अढी गेली नव्हती. साहेब गेले आणि पंधरवड्यात त्यांनी शाळा समितीची बैठक लावली. विषय क्रमांक एक, शिक्षिकेने लेकरू व गाडी शाळेत आणण्याबाबत. विषय क्रमांक दोन, संडासाचं दार.

ठराव झाला तर प्रज्ञापुढे बिनपगारी रजेशिवाय काही नव्हतं. रजेचा अर्ज तिने आदल्या दिवशी लिहूनही ठेवला होता, मला वाचायला दिला होता. अक्षर नेहमीसारखं नव्हतं. मी म्हटलं, देऊ नकोस. ती म्हणाली, “मग काय करू मॅडम, तुम्ही सांगा.” मी अर्जाची घडी घालून तो तिच्या हातात परत दिला.

समितीत सात-आठ बाप्ये, दोन बाया. बाया सतरंजीच्या कडेला, पदर तोंडाशी. मैत्री दाराजवळ गाडीत झोपलेली. मी उठून बोलले, रस्त्याचं सांगितलं, टाक्यांचं सांगितलं. लेकरू एकदाही वर्गात रडलं असेल तर पोरांना विचारा म्हणाले. बाप्ये माझ्याकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते. जाधव सरांना विचारलं तर म्हणाले, “मी न्यूट्रल हाय.” गाडी उतारावर असली की न्यूट्रलचा अर्थ काय होतो, हे बुलेटवाल्याला मी काय सांगणार!

मग हेडसर उभे राहिले. भाषण त्यांना छान जमतं.

“आपल्या माय-बहिणी शेतात काय असल्या गाड्या घेऊन गेल्या का? बांधावरच्या बाभळीला झोळी बांधली, लेकरू निजवलं, आन् दिवसभर खुरपलं. मी ह्याच शिवारातला हाय, माझ्या डोळ्यांनं बगितलंय. ही शेवंतामावशीच बगा. चार लेकरं झोळीत घातली. कधी कुरकुर केली का? मावशी, तुमीच सांगा समद्यांला.”

मावशी चहाचं ताट घेऊन दारात आली होती. सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिने ताट खाली ठेवलं, ओले हात पदराला पुसले.

“कुरकुर न्हाई केली, सर.”

“बगा!” हेडसर म्हणाले.

“झोळीत चार निजवली व्हती,” मावशी म्हणाली. “उठली तीन.”

कुणी कप उचलला नाही. सतरंजीच्या कडेला बसलेल्या दोघींपैकी एकीने पदर तोंडावरून काढला आणि हेडसरांकडे सरळ बघितलं.

मावशी गाडीजवळ गेली. खाली वाकून तिने मैत्रीचा पट्टा ओढून बघितला, पायाने ब्रेक सोडला आणि गाडी हळूच ढकलत प्रज्ञाच्या वर्गात नेली. जाता जाता एवढंच म्हणाली, “हितं दारात ऊन येतंय.”

हेडसरांनी घसा साफ केला.

“विषय क्रमांक दोन,” ते म्हणाले.