धोटे साहेबांना रिलीव्हर मिळत नाही

आमच्या मंडळाचे किस्से कोणी जमवत नाही, तरी ते वाढतच जातात. टपरीवर चहा सांगितला की चहा येईपर्यंत एक निघतो, आणि तो संपायच्या आत शेजारच्या बाकावरून दुसरा! त्यातले बहुतेक निवडणुकीचे असतात. निवडणूक मात्र मंडळात कित्येक वर्षांत झालेली नाही. सांगताना आम्ही हसतो, पण घरी जाताना पाय जड होतात, हेही सांगून टाकतो.

मंडळ म्हणजे भिलाईच्या एका सेक्टरमधलं मराठी लोकांचं मंडळ. भंडारा, गोंदिया, नागपूरकडून इथल्या स्टील प्लांटच्या नोकरीसाठी आलेल्यांनी उभं केलेलं. एक हॉल, त्याला लागून एक खोली, आणि अध्यक्ष धोटे साहेब. साहेब ब्लास्ट फर्नेसवर फोरमन होते. आता निवृत्त झालेत. प्लांटमधून, मंडळातून नाही!

*

साहेबांची पहिली मुदत संपली तेव्हाची गोष्ट. रामटेके सभेत उभा राहिला. रामटेके माझा जुना दोस्त, प्लांटच्याच रेल्वे यार्डात लोको इंजिन चालवतो. मंडळाची घटना सगळ्यांकडे आहे, पण वाचलेली त्याने एकट्याने.

"साहेब, मुदत संपली. आता खुर्ची सोडा."

आता प्लांटमध्ये एक रिवाज आहे. शिफ्ट संपली तरी पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येईपर्यंत जागा सोडायची नाही. भट्टी कोणासाठी थांबत नाही. धोटे साहेबांनी तोच रिवाज पुढे केला.

"रामटेके, रिलीव्हर आल्याबिगर कोनी फर्नेस सोडते काय?"

सगळे हसले, टाळ्या पडल्या.

"मी आलो ना रिलीव्हर!" रामटेके म्हणाला.

साहेबांनी त्याला वरून खाली पाहिलं. "तुमी यार्डचे. दुसऱ्या डिपार्टमेंटचा रिलीव्हर चालत नाही!"

पुन्हा टाळ्या. मुदत वाढली.

*

हॉलला लागून जी खोली आहे ना, तिथे रामटेकेची बायको, आमच्या कुसुमताई, दर रविवारी मुलांना मराठी शिकवायच्या. आमची पोरं घरातसुद्धा हिंदी बोलतात. आजी काही सांगते तर नातू म्हणतो, "मम्मी, दादी क्या बोल रही है?" म्हणून हा क्लास. मुलं यायची, गोंधळ घालायची, गाणी म्हणायची. माझी पुतणी तिथे शिकून आजीशी भांडायला लागली, तेही मराठीत! माझी आई किती खूश झाली होती.

मग एकदा कुसुमताईंनी सहज विचारलं, "साहेब, वार्षिक सभा कवा हाय?"

पुढच्या रविवारी खोलीला कुलूप. आत लग्नाच्या भाड्याच्या खुर्च्या रचलेल्या.

"खुर्च्यांले जागा पाहिजे," साहेब म्हणाले. "पोट्टे काय, झाडाखाली बी शिकतात."

मे महिन्यातल्या भिलाईत झाडाखाली! त्या दिवशी रामटेकेने ठरवलं, अध्यक्षपदाला उभं राहायचं आणि ती खोली परत घ्यायची. त्याला दुसरं काही नको होतं.

*

पण उभं राहायला सभा तर हवी. साहेब सभा लावायचे, नाही असं नाही. फक्त त्यांच्या भिंतीवर आमच्या सगळ्यांच्या शिफ्टचा चार्ट होता. रामटेकेची माणसं सेकंड शिफ्टला गेली की सभा संध्याकाळी. नाइटला गेली की सभा सकाळी, आम्ही घोरत असताना. चार्ट बघून लोक सुट्ट्या ठरवतात, साहेबांनी लोकशाही ठरवली.

एकदा आम्ही डाव उलटवला. सगळ्यांनी मिळून शिफ्ट बदलून मागितल्या. आमचा इन्चार्ज बिहारचा, तो चक्रावलाच.

"अरे, मंडल का चुनाव है कि देश का?"

मी म्हणालो, "साहब, देश का होता तो छुट्टी मिलती!"

त्याने शिफ्ट बदलून दिल्या. साहेबांनी सभा बदलली.

*

कार्यकारिणीतले निमजे भाऊ आमच्या बाजूचे होते. रामटेकेच्या घरी बसून त्यांनी छातीवर हात ठेवून पाठिंब्याचा शब्द दिला होता. तेवढ्यात धोटे साहेबांना भक्ती सुचली. सगळ्या कार्यकारिणीला गाडीत घालून ते डोंगरगढला देवीच्या दर्शनाला घेऊन गेले. मोबाइल एका पिशवीत जमा. "देवीपुढे कायले पाहिजे फोन?"

निमजे परत आले ते कपाळावर टिळा आणि हातात प्रसाद घेऊन. रामटेकेची नजर चुकवत होते.

"निमजे भाऊ, आपलं ठरलं होतं ना?"

"हो, पन मी देवीपुढे नारळ फोडून आलो ना बाप्पा. साहेबांनं फोडाले लावला. आता कसा फिरू?"

"आन माह्या घरी शब्द देल्ता तो?"

निमजे खरंच विचारात पडले. मग म्हणाले, "तुह्या घरी तर मी फक्त चहा घेतला होता."

प्रसाद मात्र त्यांनी दिला. आम्ही खाल्लाही.

*

मग एक नवा नियम आला. टाउनशिपच्या बाहेर राहणाऱ्याला मत नाही. आमच्याकडे माणूस निवृत्त झाला की कंपनीचं क्वार्टर सोडून रिसालीला नाहीतर कुरुदला घर बांधतो. म्हणजे मंडळ ज्यांनी उभं केलं, विटा डोक्यावर वाहिल्या, ते सगळे म्हातारे एका झटक्यात बाहेर!

एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत साहेबांकडे गेले. "धोटे, तू बी तं रिसालीलेच राहतं ना? माह्या घराच्या मागं?"

"राहतो," साहेब शांतपणे म्हणाले. "पन माह्या नावाची पाटी अजून सेक्टरच्या क्वार्टरवर हाय."

होतीच. क्वार्टर आता मुलाच्या नावावर होतं, पाटी बापाची. म्हाताऱ्यांनी घरी जाऊन स्वतःची पाटी शोधली म्हणे. सुनेने ती कुंडीखाली ठेवली होती.

*

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं. साहेबांचं भाषण झालं. "लोकशाही टिकवाची असन तं आपसात निवडणुका घेऊ नका, मनं तुटतात!" टाळ्या. भाषण संपताच रामटेके उठला.

"अध्यक्ष महोदय, एकच सवाल. निवडणुकीची तारीख..."

साहेबांनी माइकवाल्याला हात केला. राष्ट्रगीत सुरू!

सगळे ताठ उभे राहिले. रामटेकेही. तो तर सगळ्यांत ताठ. तोंडातला सवाल तोंडातच, आणि डोळ्यांतून पाणी. गीत संपताच साहेब म्हणाले, "बुंदी घेऊन जा," आणि लोक बुंदीकडे पळाले. मला त्या दिवशी स्वतःची, सगळ्यांचीच लाज वाटली. मी बुंदी घेतली नाही. पण त्याने काय होतं?

*

शेवटी सभा झाली. त्याचं कारण असं की रामटेके हॉलच्या पायरीवर बसायला लागला. ड्यूटी सुटली की येऊन बसायचा, गुपचूप, डबा मांडीवर घेऊन. लग्नाची वऱ्हाडं विचारायला लागली, "ये कौन बैठे हैं?" बुकिंग तुटायला लागलं तेव्हा साहेबांनी शनिवारची सभा लावली.

रामटेके घरून चिठ्ठ्या कापून घेऊन आला होता, आणि मत टाकायला बिस्किटांचा पत्र्याचा डबा. साहेबांनी डबा टेबलावरून खाली ठेवला.

"घरच्या मानसांत गुप्त कायचं? आपन का चोर हावो? हात वर करा!"

कोणाच्या मुलाचं लग्न याच हॉलमध्ये ठरलेलं, कोणाचा जावई साहेबांच्या ओळखीने ठेक्यावर लागलेला. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मी अध्यक्ष राहावं असं कोनाले वाटते?"

एकेक करून हात वर गेले. रामटेके पहिल्या रांगेत होता. मागे वळला नाही, समोरच्या भिंतीकडे बघत बसला. मी वळलो. मागे बायकांच्या रांगेत कुसुमताईंचा हात वर होता. अर्धवट नाही, सरळ वर, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलीचा असतो तसा.

साहेबांनी मोजले. "आता रामटेकेच्या बाजूनं?"

माझा हात, आणखी दोघांचे, आणि रामटेकेचा स्वतःचा. हात वर धरूनच तो मागे वळला आणि रांगांमधून बायकोला शोधू लागला.

कुसुमताईंचे दोन्ही हात आता मांडीवर होते, आणि हातांत साहेबांकडे असायची ती क्लासच्या खोलीची किल्ली होती.

"झालं?" त्या उठून त्याच्याजवळ आल्या. "हात खाली करा जी. आन चला, खुर्च्या उचलाच्या हायेत. उद्या रविवार हाय."