हेमचंद्र, वजन नऊशे बारा किलो

सिंगापुरात गाय बघायची असेल तर पोंगलची वाट पाहावी लागते. त्या दिवसांत लिटिल इंडियात चार गायी आणून बांधतात आणि पार शहराच्या टोकाच्या पुंगोलपासूनची माणसं मुलाबाळांना घेऊन त्या बघायला जातात. अशा या देशात, सेरंगूनच्या एका ट्यूशन क्लासच्या डोक्यावर, तेंबागा गोवंश पैदासकार संघाचं मुख्य कार्यालय आहे. तेंबागा म्हणजे तांब्याच्या रंगाची, मांसासाठी पाळली जाणारी गुरं. पाळणारे कोणी शेजारच्या मलेशियात, जोहोरला, कोणी सुमात्रात, कोणी ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला. कार्यालय कुठे असावं यावर ही मंडळी तीन वर्षं भांडली आणि अखेर जिथे कुणाचंच एकही जनावर नाही ती जागा सगळ्यांना पसंत पडली.

या संघाची वंशनोंदवही निशिकांत वर्तक सांभाळतो. मूळचा पुण्याचा. बँकेतली आयटीची नोकरी गेली तेव्हा ही मिळाली, त्याला आता नऊ वर्षं झाली. स्वतः शाकाहारी. त्यामुळे 'हा वंश कशासाठी सुधारायचा' हे वाक्य तो मराठीत कधी पुरं करत नाही. 'मी डेटात आहे' म्हणतो आणि चहा मागतो. गुराला त्याने आजवर हात लावलेला नाही. पोंगलला एकदा लावायला गेला होता, पण गायीने मान वळवली आणि साहेब दोन पावलं मागे आले.

वंशावळीत मात्र त्याचा हात धरणारा कोणी नाही. लग्नं जुळवणाऱ्या एखाद्या मावशींना जशी अख्ख्या गावाची नाती तोंडपाठ असतात, तशी याला अकरा हजार गुरांची. सुमात्राहून फोन येतो, आमच्या गायींना ग्लॅडस्टन नावाचा वळू चालेल का? निशिकांत स्क्रीनकडे न बघता सांगतो, "नको, पणजोबा एकच आहेत." घरातल्या घरात सोयरीक करून वंश पार हडकला होता, तो या माणसाने रुळावर आणला.

आता त्या नावांची भानगड. संघाचा नियम असा की दर वर्षाचं एक अक्षर, त्या वर्षीच्या वासरांची नावं त्याच अक्षरावरून, आणि एकदा नोंदलेलं नाव पुन्हा बदलायचं नाही. पैदासकार आळशी. ते नावाची जागा कोरी सोडतात आणि बारशाचं काम निशिकांतवर येऊन पडतं. एचच्या वर्षी हॅरी, हेक्टर, हॅम्लिन सगळे खपले होते आणि जोहोरचा एक खोंड अजून बिननावाचा होता. नेमका त्याच वेळी पुण्याहून सासऱ्यांचा फोन आला.

सासरे, म्हणजे बायकोचे, मेधाचे वडील हेमचंद्र प्रधान, वजनमाप खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या काळात मंडईतले दुकानदार त्यांना बघून काटा टेबलाखाली सरकवत. जावयाने आदल्या आठवड्यात त्यांना किलोभर बदाम पाठवले होते.

"निशिकांतराव, बदाम नऊशे सत्तर ग्रॅम भरले. तुम्हाला फसवलं. तसं तुम्हाला कोणीही फसवेल म्हणा."

एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती आणि पंधरा वर्षांत हा माणूस जावयाची ओळख 'सिंगापूरला काहीतरी करतात' अशीच करून देत होता. निशिकांतच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने त्या कोऱ्या जागेत HEMCHANDRA असं टाइप केलं, एंटर दाबलं आणि त्याला फार बरं वाटलं.

बरं वाटलेलं फार दिवस टिकलं नाही. तो खोंड पुढे मरतुकडा निघाला असता तर विषय तिथेच संपला असता. पण तो वाढला. असा वाढला की पाच वर्षांत त्याची संतती तीन देशांत पसरली. या वर्षी तर संघाच्या उत्तम वळूच्या स्पर्धेत तो दुसरा आला. बाकी सगळ्यात बरोबरी, फक्त वजनात ग्लॅडस्टनपेक्षा चार किलो कमी. संघाने कॅलेंडर छापलं आणि जुलैच्या पानावर पूर्ण हेमचंद्र, मागच्या बाजूने.

त्याच जुलैमध्ये सासरे महिनाभर राहायला आले.

निशिकांतने कॅलेंडर वॉशिंग मशीनच्या मागे दडवलं. हे कळलं तर सासरे पुढच्याच विमानाने परत जातील, मेधा वर्षभर बोलणार नाही आणि 'काहीतरी करतात' वरून आपण 'काय केलंन बघा' वर जाऊ, या धास्तीने त्याची भूक मेली. दहा वर्षांच्या लेकीचा, आर्याचा मोजा मशीनमागे पडेल, हे काही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"आजोबा!" ती धावत बाहेर आली. "You are a bull, lah! Nine hundred twelve kilo!"

हेमचंद्ररावांनी चष्मा लावला. कॅलेंडर हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. मेधा नवऱ्याकडे अशी बघत होती की तो लिफ्टपर्यंतचं अंतर मोजू लागला.

"हे नाव कोणी दिलं?"

"मी," निशिकांत म्हणाला. खोटं सुचलंच नाही. "चुकलं माझं, बाबा. त्या बदामांच्या दिवशी मी चिडलो होतो."

"दुसरा नंबर लिहिलाय इथे."

"हो. चार किलोंनी हुकला पहिला."

"वजन कुठल्या काट्यावर केलं?"

"ज्याच्या त्याच्या गोठ्यातल्या."

"वेगवेगळ्या काट्यांवर?" सासरे ताडकन उभे राहिले. "आणि त्या काट्यांची तपासणी?"

तपासणी नव्हती. नऊ वर्षांत कुणाच्या डोक्यात आली नव्हती, निशिकांतच्याही नाही. वाडवडिलांची खडान्‌खडा माहिती ठेवणाऱ्या संघाने काटा मात्र देवावर सोडला होता.

शनिवारी दोघं बसने जोहोरला गेले. हेमचंद्ररावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. वळूपाशी ते दोन मिनिटं थांबले. वळूने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी वळूकडे पाहिलं.

"याला... म्हणजे याचं पुढे..."

"नाही, बाबा. याला वंशासाठीच ठेवलाय. म्हातारपणही इथेच."

"हं," म्हणून ते गोठ्याच्या मालकाकडे वळले, खुणेनेच काटा रिकामा करायला लावला आणि बूट काढून स्वतः त्यावर चढले. काट्याने छप्पन्न दाखवले.

"मी बासष्ट किलो आहे. चाळीस वर्षं बासष्ट आहे. रोज मोजतो." त्यांच्या आवाजाला जुनी धार आली. "माझ्यासारख्याला सहा किलो मारतो, तर त्याला किती मारत असेल!"

निशिकांतने अहवाल लिहिला, संघात एकच आरडाओरडा झाला, सगळे काटे तपासायचं ठरलं. नीट काट्यावर हेमचंद्र नऊशे तेवीस भरला आणि पहिला आला. शिवाय असं कळलं की संघाची निम्मी वजनं चुकीची होती आणि आजवर वंश नक्की किती सुधारला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ते आता कळू लागलं.

सासरे पुण्याला परतले. जाताना जुलैचं पान फाडून नेलं आणि फ्रेम करून हॉलमध्ये, स्वतःच्या सत्काराच्या फोटोशेजारी लावलं. निशिकांतला वाटलं, सुटलो. पण खरं सांगायचं तर त्याला थोडं वाईटही वाटलं. पहिला नंबर वळूला मिळाला होता, त्याच्या वाट्याला काही आलं नव्हतं.

जानेवारीत एका रविवारी फोन वाजला.

"निशिकांतराव, यंदा एन ना?"

"हो, बाबा. तुम्हाला कसं कळलं?"

"मागच्या वर्षी एम होतं. जोहोरच्या त्या मालकाशी माझा पत्रव्यवहार असतो. हेमचंद्रला परवा खोंड झालाय. नावाची जागा कोरी ठेवायला सांगितलीय मी. निशिकांत हे नाव कोणी घेतलंय का?"

निशिकांतने नोंदवही उघडली. नाव मोकळं होतं. त्याने टाइप केलं आणि ती ओळ वाचली: निशिकांत, वडील हेमचंद्र. पुन्हा एकदा वाचली. मेधाने विचारलं काय झालं, तर त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली.

"लिहिलं, बाबा," तो म्हणाला.

"ठीक. जन्मवजन जरा कमी आहे त्याचं," सासरे म्हणाले. "पण सुधारेल."