खांबावरचा खडा

ओम बाबूसिंग राठोड एकोणिसाव्या वर्षी गोव्यातल्या एका क्लबचा गोलकीपर झाला. दिग्रस तालुक्यातल्या त्याच्या तांड्यावर तोवर कोणी समुद्र पाहिला नव्हता. दहा हंगामांत त्याने सत्तावीस पेनल्टी अडवल्या. प्रशिक्षक म्हणायचे, हा मारणाऱ्याचे पाय वाचतो. ओम मान डोलवायचा. पायांकडे तो कधी पाहतच नसे. त्याला गोलच्या खांबावर खडा वाजलेला ऐकू यायचा, टक टक. ज्या बाजूचा खांब वाजे, त्या बाजूला तो झेपावायचा.

खडा वाजवणारा तेरा वर्षांचा होता आणि तेराच वर्षांचा राहिला.

तांड्यामागच्या बंद गिट्टी खदानीच्या काठावर पोरं खेळत. खांब बांबूचे. शेजारच्या घरातला पोरगा, उकंडा, गोलमागे उभा राहायचा, कारण सुटलेला चेंडू खदानीच्या पाण्यात जाई आणि पोहता येणारा तोच. मारणाऱ्याचा रोख पाहून तो हळूच खांबावर खडा वाजवायचा. दोघांची ही लबाडी कोणाला कधी कळली नाही. एका दुपारी ओमने मुद्दाम उलट बाजूला उडी घेतली. याच्या मदतीवाचूनही आपल्याला जमतं, हे दाखवायचं होतं. चेंडू पाण्यात गेला, त्याच्यामागे उकंडा गेला. वर चेंडू तेवढा आला.

दिवाळीत तांड्यावर घरोघरी धबुकार होतो. निखाऱ्यांवर तूप आणि लापशी सोडून घरातल्या मेलेल्यांची नावं घ्यायची. ज्याचं नाव निघत नाही तो उपाशी आसपास राहतो, अशी तिथल्या म्हाताऱ्यांची समजूत. उकंडाच्या आईने, लालीबाईने, सोळा वर्षं त्याचं नाव घेऊ दिलं नव्हतं. नाव घ्यायचं म्हणजे तो गेला हे मान्य करायचं.

मागच्या दिवाळीला ओम घरी आला तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनला सात महिने झाले होते. क्लबने कळवलं होतं: दिवाळीनंतर चाचणी, पाच पेनल्टी. जमलं तर दोन वर्षांचा करार, नाहीतर रामराम.

पाडव्याच्या सकाळी लालीबाईने त्याला बोलावलं.

"आला का रे सायेब? लंगडत काहून चालतं?"

"गुडघा दुखते, काकी."

"दुखंन नाही तं काय! दहा वर्सं जमिनीवर लोळूनच पोट भरलं तू." ती हसली आणि निखारे पुढे सरकवले. "यंदा त्याचं नाव घेऊन टाक. माह्या घरात गडीमाणूस नाही. तूच त्याचा भाऊ."

"यंदाच कायले? पुढच्या साली घेऊ."

"पुढच्या साली मी असीन का? सपनात येते पोरगा. भूक लागली म्हणते. हातात खडा रायते त्याच्या."

खड्याची गोष्ट ओमने तिला कधी सांगितली नव्हती.

त्याने लालीबाईच्या सासऱ्याचं नाव घेतलं, तूप भडकलं. नवऱ्याचं घेतलं, पुन्हा भडकलं. तिसऱ्या वेळी त्याने नुसते ओठ हलवले. फक्त दोन वर्षं खडा वाजू दे, मग घेऊ, असा त्याचा हिशेब. लालीबाईला ऐकू कमी येई. ती ओठच पाहत होती. तूप निखाऱ्यावर चरचरलं, पेटलं नाही.

"जेवला," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

गोव्यात पहिल्या पेनल्टीला डावा खांब वाजला. त्याच क्षणी उजवाही. ओम मधोमध उभा राहिला. पाचही वेळा तसंच झालं, पाचही चेंडू जाळीत गेले. "उडी तरी मारायची होती," प्रशिक्षक म्हणाले.

आता तो दारव्ह्याला पोरांना फुटबॉल शिकवतो आणि संध्याकाळी तांड्यावर परततो. त्याच्या आईने, जमनीने, ताट वाढलं की दाराची चौकट वाजते. भुंगा लागला लाकडाले, असं ती म्हणते. ओमने चौकट तपासली. लाकूड धड आहे.

लालीबाई चैत्रात गेली. तिच्या घराला कुलूप आहे. या दिवाळीला अठरा दिवस उरले असताना ओमने जेवायला बसल्यावर वडिलांना सगळं सांगितलं आणि विचारलं, "त्याचं नाव आपल्या घरी घेऊ का?"

बाबूसिंगनी हातातला घास खाली ठेवला.

"त्याचं घर बंद झालं. आपल्याइथं जेवला, तं मंग इथंच राहीन तो. जाईन कुठं?"

चौकट वाजली. दोन्ही बाजूंनी.