अकरा आणि वर एक

नेरेओ पेर्तूस अंडी घ्यायला गेला की म्हणतो, "अकरा दे, आणि वर एक." आमच्या सोलेदाद गावात त्याची ही तऱ्हा सगळ्यांना पाठ आहे. दुकानदारीण मुद्दाम डिवचते, "म्हणजे एकूण किती रे झाली?" तो पैसे ठेवतो आणि निघतो. लोक त्याला अर्धवट समजतात. समजोत बापडे! तो आकडा एकदा नको तेव्हा त्याच्या तोंडून गेला आणि घरातलं माणूस गेलं, हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच्या बहिणीलाही नाही.

त्याची थोरली बहीण डेल्फिना. तिचा नवरा रोसेन्दो आणि नेरेओ एकाच टोळीत होते, रस्ता न फोडता जमिनीखालून तारा आणि नळ्या टाकणाऱ्या. रोसेन्दो मशीनवर बसायचा. मशीन लोखंडी दांडे एकामागून एक जमिनीत तिरके रेटायचं. पहिल्या दांड्याच्या टोकाला ड्रिलचं डोकं, एका बाजूने तासलेलं. ते गरगर फिरत राहिलं की सरळ जातं. फिरणं थांबवून नुसतं रेटलं की तासलेल्या अंगाने वळतं. पण मातीखालचं डोकं रोसेन्दोला दिसणार कसं? म्हणून नेरेओ हातात डोक्याचा ठाव दाखवणारा रिसीव्हर धरून वर रस्त्यावर डोक्याच्या चालीने चालायचा आणि वॉकीटॉकीवर घड्याळाचे आकडे सांगायचा. तीन म्हणजे उजवीकडे, नऊ म्हणजे डावीकडे, सहा म्हणजे खाली. बारा म्हणजे वर.

रोसेन्दोने नियमच करून ठेवला होता: वॉकीटॉकीवर डोक्याखेरीज दुसऱ्या कशाचा आकडा काढायचा नाही. जेवायची वेळ झाली तरी नुसतं "सूप" म्हणायचं.

"दाजी, सूप!"

"आलो रे मेहुण्या, तुझ्या पोटात काय सुसर आहे का?"

असं त्यांचं दिवसभर चालायचं.

त्या सकाळी रोसेन्दोच्या घरी कडाक्याचं भांडण झालं होतं. आदल्या संध्याकाळी बायकोचा वाढदिवस विसरून हा बाबा कोपऱ्यावर डॉमिनो खेळत बसला होता. डेल्फिनाने कॉफीचा कप आपटला. "आज डबा येणार नाही. मर उपाशी!" म्हणाली. आपल्या माणसावरच असं तोडून बोलता येतं, आणि संध्याकाळपर्यंत ते विरूनही जातं. संध्याकाळ मिळाली तर.

उन्हं तापली तेव्हा डोकं विजेच्या जाड केबलखालून चाललं होतं. मध्ये वीतभर माती. तेवढ्यात वॉकीटॉकीवर रोसेन्दोचा पडेल आवाज आला. "मेहुण्या, तुझी बहीण येईल का रे? किती वाजता?"

नियम करणाऱ्यानेच नियम मोडला. नेरेओ रिसीव्हरकडे बघत होता, शेजारून गाणी वाजवत बस गेली, उत्तर राहून गेलं. "सरळ, फिरवत राहा," एवढंच तो म्हणाला. दोन पावलं पुढे गेल्यावर त्याला हसू आलं. डेल्फिना कितीही फणफणली तरी जेवण घेऊन ठरल्या वेळेला हजर होणार, हे तो लहानपणापासून बघत आलेला. त्याने बटण दाबलं आणि म्हणाला, "येईल, बाराला."

बटण दाबून दमभर थांबायचं असतं, नाहीतर यंत्र पहिला शब्द गिळतं. आनंदाच्या बातमीला थांबायचं कोण लक्षात ठेवतो? "येईल" गेलं यंत्राच्या पोटात. रोसेन्दोच्या कानात पडलं फक्त "बाराला."

रिसीव्हरवर डोक्याचं फिरणं थांबलेलं नेरेओला दिसलं. बारावर. मग डोकं वर यायला लागलं. तो ओरडेपर्यंत पायाखाली धडाका झाला, तो मागे कोसळला आणि वॉकीटॉकी गटारात पडला.

डोकं केबलला लागलं होतं, मशीनवर वीज उतरल्याची धोक्याची घंटा वाजत होती. घंटा वाजली की बसल्या जागेवरून उतरायचं नाही, हे त्या धंद्यातल्या कुणालाही झोपेत विचारा. गटारातून रोसेन्दोचा आवाज येत होता. "नेरेओ! अरे बोल! नेरेओ!" नेरेओचा हात पोचेना, आणि मशीनच्या कल्लोळात त्याची हाक तिकडे जाईना. मेहुणा गेलाच असं समजून रोसेन्दो खाली उतरला. एक हात मशीनच्या कठड्यावर, एक पाय मातीत.

डेल्फिना ठरल्या वेळेला आली. तिच्या हातात नारळी भात आणि तळलेला मासा होता.

चौकशीत सगळे केबलविषयीच बोलले. नेरेओने काम सोडलं आणि एका शाळेच्या फाटकावर चौकीदारी धरली. अजूनही तो खाली मान घालून, जमिनीखाली काही चाललंय असा चालतो. दर रविवारी तो बहिणीकडे जेवायला जातो. ती त्याला पोटभर वाढते, पण स्वतः दुपारचा घास शिवत नाही, त्या दिवसापासून. गेल्या महिन्यात ती कपडे धुताना चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी बजावलं, असंच चाललं तर ही बाई फार दिवस काढणार नाही.

त्या रविवारी नेरेओने ताट पुढे सारलं. "ताई, तू जेव."

"तुला माहीत आहे, मी नाही जेवत."

"का पण?"

"मी त्याला म्हटलं, मर उपाशी. तो मेला, उपाशी." ती ताटावरची माशी हाकत राहिली. "रागातच गेला रे माझ्यावर."

इतकी वर्षं तिच्या दुखण्याचं औषध नेरेओच्या पोटात होतं आणि ते आपल्या जिवापायी त्याने दाबून ठेवलं होतं. हिच्याशिवाय त्याला जगात होतं कोण?

"रागात नव्हता," तो म्हणाला. "तुझीच वाट बघत होता. शेवटचं मला त्याने तेच विचारलं. तुझी बहीण येईल का, किती वाजता."

डेल्फिनाने तोंडावर हात धरला. "काय सांगतोस! खरंच?"

"आईची शपथ."

"मग तू काय म्हणालास?"

इथे खोटं बोलता आलं असतं. नेरेओ ताटाकडे बघत होता. "मी म्हटलं, येईल, बाराला," तो म्हणाला. "त्याला बाराच ऐकू आलं, ताई."

ती त्या धंद्यातल्या माणसाची बायको. बारा म्हणजे काय, हे तिला समजवायला लागलं नाही. मग तिने नेरेओसमोरचं ताट आपल्याकडे ओढलं आणि भाताचा घास तोंडात घातला. दुसरा घातला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती जेवत होती. तिने सगळं ताट संपवलं. एकदाही त्याच्याकडे वर पाहिलं नाही.

"आता जा, नेरे," ती म्हणाली.

तो उठला. दाराशी टोपी हातात घेऊन त्याने विचारलं, "परत कधी येऊ, ताई?"

डेल्फिना दार धरून उभी राहिली. तो वाट बघत होता, कुठलाही आकडा चालला असता. तिने दार लावून घेतलं.