मागे राहिलेला हळद्या

आमच्या जिन्यात शीळ आधी येते आणि माणूस नंतर. पहिल्या मजल्यावरचे शीळमास्तर बाहेरून आले की खालच्या दारापासूनच वाजवत चढतात, आणि वरच्या मजल्यावर मी चहाचं आधण वाढवते. आयुष्य रंगभूमीवर गेल्यामुळे मला माणसाची एंट्री ओळखता येते. शीळ सरळ आली तर मास्तर खुशीत आहेत. मध्येच तुटली तर गुडघा दुखतोय. आणि शीळ आलीच नाही, नुसती पावलं आली, तर समजायचं की आज कुणीतरी त्यांच्या सुनेचं कौतुक केलंय.

गावाबाहेरच्या सरकारी वनोद्यानात मास्तरांनी उभी हयात काढली. कागदोपत्री ते पहारेकरी; रविवारी मात्र राजे. दर ऋतूत तिथे कुटुंबांसाठी काहीतरी चालू असतं. झाडांना पालवी फुटली की घरटी बघायची फेरी, उन्हाळ्यात तळ्यात नावा आणि काठावर तंबू, पानगळीत रानातली मोठी फेरी, थंडीत शेकोटी आणि निखाऱ्यात भाजलेले बटाटे. या सगळ्यात पुढे मास्तर. पुढे म्हणजे उलटे! लोकांकडे तोंड, रानाकडे पाठ, डोक्यावर कड झिजलेली टोपी, आणि उलट्या पावलांनी चालत शीळ घालायची. त्यांनी साद घातली की झाडातून पाखरू उत्तर द्यायचं, आणि गर्दीतून टाळ्या. प्रेक्षकांकडे पाठ करायची नाही, हे मला शिकायला कितीतरी वर्षं लागली होती. मास्तर ते कुठून शिकून आले होते, कोण जाणे.

त्या उलट्या चालण्यानंच घात केला. तळ्याच्या वळणावर एका मुळात टाच अडकली आणि मास्तर शीळ घालत घालत चिखलात बसले. लोकांना वाटलं, हेही कार्यक्रमातच आहे. टाळ्या पडल्या. गुडघा मात्र कायमचा गेला. उद्यानाच्या साहेबांनी निरोपाचं छान भाषण केलं आणि त्याच भाषणात सांगून टाकलं, की मास्तरांचं काम घरातच राहील. तिकीट खिडकीवर बसणारी त्यांची सून यापुढे फेरी नेईल. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांना वाटलं, आनंदाचं.

"शीळ येत नाही तिला!" दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी बसून मास्तर म्हणाले. "ओठांचा चंबू केला की नुसती वाफ निघते. किटलीसारखी. आणि म्हणे फेरी नेणार."

पुढच्या काही रविवारांनंतर मी विचारलं, "लोक येतात का?"

"लोकांना काय, सुट्टीच्या दिवशी कुठेतरी जायचंच असतं."

"पण पूर्वीपेक्षा जास्त, की कमी?"

मास्तरांनी बिस्किट चहात जरा जास्तच वेळ धरलं. ते तुटून तळाशी गेलं. "तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात, बाई?"

"ज्याचं थिएटर भरलंय त्याच्या."

त्यानंतर ते दोन दिवस वर आले नाहीत.

सून पुढे तोंड करून चालायची आणि हळू बोलायची. खांद्याला कापडी पिशवी. त्यात पिसं, अंड्याचं फुटकं टरफल, खारीनं कुरतडलेलं फळ. मुलांना डोळे मिटायला लावायची, हातावर एक एक वस्तू ठेवायची आणि म्हणायची, "सांगा बरं, हे कुणाचं?" बाबागाड्या ढकलणारे आईबापसुद्धा मग डोळे मिटून हात पुढे करायचे. तिच्या फेरीला कुणी टाळ्या वाजवत नसत. पण कुणाला घरी जावंसंही वाटत नसे. मास्तरांना हे दुसरं जास्त लागलं.

त्यांच्या जेवणाच्या टेबलावर काय घडलं, ते मला दुसऱ्या दिवशी चहाबरोबर मिळे.

"काल विचारत होती, 'बाबा, पाणथळीच्या पलीकडे ते ठकठक कोण करतं हो? मला दिसतच नाही.'"

"मग? सांगितलंत?"

"म्हटलं, मला कशाला विचारतेस? तुझ्या पिशवीला विचार."

"आणि तुमचा मुलगा?"

"तो काय बोलतोय! ताटात भाजी कमी आणि त्याचं डोकंच जास्त." मग आवाज खाली आणून म्हणाले, "नात बाहुल्यांना रांगेत बसवून डोळे मिटायला लावत होती. म्हटलं, काय खेळतेस? तर म्हणाली, आई-आई. इतकी वर्षं मी त्या रानात होतो, बाई. आजोबा-आजोबा खेळायचं एकदाही सुचलं नाही कार्टीला!"

मी हसले नाही. विंगेत उभं राहून दुसऱ्यासाठी वाजणाऱ्या टाळ्या ऐकणं काय असतं, ते विंगेत उभं राहिलेल्यालाच ठाऊक.

पानगळ सुरू झाली आणि एका संध्याकाळी जिन्यातून शीळ आली ती थेट माझ्या दारापर्यंत. मास्तरांचे डोळे लकलकत होते.

"रविवारी फेरीला या, बाई. हळद्या ऐकवतो."

हळद्या आमच्याकडचा उन्हाळ्याचा पाहुणा. पिवळाधमक, लाजरा, दिसतो कमी आणि ऐकू येतो जास्त. पानं झडायच्या आत तो निघून जातो. त्याची बासरीसारखी, शेवटी वळण घेणारी शीळ म्हणजे मास्तरांचा हुकमी तुकडा होता.

"या दिवसांत कुठला हळद्या?"

"तोच तर डाव आहे! तळ्याकाठी काटेरी जाळी आहे ना, तिच्यात मी बसणार. ती लोकांना घेऊन आली की वाजवणार. तिनं 'हळद्या' म्हटलं की संपलं. साहेबांना जाऊन सांगतो, बघा तुमची गाइड, पानगळीत हळद्या दाखवते."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर ओळखता आला नाही. दोन्हीकडून मीच!"

"अहो मास्तर, घरची पोर आहे ती."

"घरची आहे म्हणून तर!" ते म्हणाले, आणि दोन कप चहा प्यायले.

रविवारी मी गेले. न जाऊन करते काय, असला प्रवेश चुकवायचा नसतो. पिवळ्या-तांबड्या पानांवरून गर्दी खसखसत चालली होती, पुढे सून, तिच्या बाजूला साहेब. तळ्याच्या वळणावर ती काही सांगायला थांबली, आणि जाळीतून शीळ आली. काय सांगू! मला ठाऊक असूनही माझी नजर झाडावर गेली. पोरं गप्प झाली. साहेबांनी हातातली छत्री खाली टेकवली.

सून झाडाकडे बघत नव्हती. जाळीकडे बघत होती. बराच वेळ.

"हळद्या," ती शेवटी म्हणाली. "खरं तर या दिवसांत तो इथे नसतो. सगळे निघून जातात. एखादाच मागे राहतो."

"का राहतो मागे?" पुढच्या एका मुलीनं विचारलं.

"जावंसं वाटत नाही त्याला," सून म्हणाली. "आवाज करू नका हं. त्याला वाटलं तर परत गाईल."

आणि जाळीतला तो शहाणा परत गायला! राहवलंच नाही त्याला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुनेच्या फेरीतल्या त्या पहिल्या टाळ्या.

मास्तर तक्रार घेऊन साहेबांकडे पोहोचले, तेव्हा साहेबच त्यांना दारात भेटले. "मास्तर, सुनेनं नाव काढलं हो! मागे राहिलेला हळद्या! मी स्वतः ऐकला." फाटकावर हळद्याच्या नावाचा फलकही लागला होता. पुढच्या रविवारी गर्दी दुप्पट होणार, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. आता काय सांगायचं? हळद्या नव्हता म्हणायचं, तर मग काय होतं तेही सांगायला हवं. मास्तर "हो का, वा वा" म्हणून परतले. त्या दिवशी जिन्यातून नुसती पावलं आली.

"आता नका जाऊ जाळीत," मी म्हटलं. "हळद्या उडून गेला म्हणतील, विषय संपेल."

"आणि टाळ्या?"

"त्या तर तिला मिळतात."

"तिला कुठे? त्या हळद्याला!" मास्तर एकदम थांबले. त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "त्या मेल्याला काय येतंय? सगळं मी करतो, आणि वाहवा पाखराची!"

सुनेवर जळणारा सासरा मी पाहिला होता. पण स्वतःच बनवलेल्या पाखरावर जळणारा माणूस मी कुठल्याच नाटकात पाहिला नाही.

तर मास्तर दर रविवारी पहाटेच जाऊन जाळीत बसू लागले. मुंग्या चावल्या. गुडघा सुजला. सून तिथे आली की म्हणायची, "आता जरा गप्प," आणि जाळी गायची. मास्तर वाजवायचेही इतकं मन लावून, की हेवा कुठे संपतो आणि हौस कुठे सुरू होते, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

एका रविवारी गर्दी पुढे गेल्यावर मी त्यांना हात द्यायला जाळीत वाकले. खाली सतरंजी अंथरलेली. बाजूला थर्मास.

"माळी ठेवून जातो," मास्तर म्हणाले. "भला माणूस आहे. काही विचारत नाही."

निळ्या पट्ट्यांची सतरंजी, एका कोपऱ्याला इस्त्रीनं जळालेलं भोक. मी ती रोज सकाळी जिन्यातून उतरताना बघते.

"मास्तर," मी म्हटलं, "ही तुमच्या कठड्यावर वाळत असते."

त्यांनी सतरंजीकडे पाहिलं. भोकात बोट घालून पाहिलं. मला वाटलं, आता डोळे भरून येणार; आम्हा नटमंडळींना तशीच सवय.

"म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं!" मास्तर गरजले. "आणि मला तसंच बसवून ठेवलं! मुंग्यांत!"

"सतरंजी दिली की."

"मुंग्या चावून झाल्यावर!" ते जाळीतून रांगत बाहेर आले. "नाटक मी रचलं आणि नाचवलं तिनं मला. पुढचा रविवार शेवटचा आहे ना या फेरीचा? बघू या, कोण गातं ते. मी गर्दीत उभा राहणार."

आणि खरंच राहिले. टोपी घालून, माझ्या शेजारी, सगळ्यांच्या मागे. सुनेनं त्यांना पाहिलं असणार. तिच्या चालण्यात क्षणभर फरक पडला. वळणावर ती थांबली. गर्दी आपणहून गप्प झाली. साहेब खास पाहुणे घेऊन आले होते. जाळी शांत.

मास्तरांनी माझा दंड घट्ट धरला होता. आता ही तोंडघशी पडेल, आता मागे बघून विनवेल. मी त्यांच्याकडे न बघता उभी राहिले. मागून कुणीतरी हसलं, "झोपला वाटतं तुमचा हळद्या!"

सून म्हणाली, "गेला तो. बरंच झालं, फार थंडी पडायला लागली होती." मग पिशवीत हात घालून म्हणाली, "चला, त्या मोठ्या झाडाखाली डोळे मिटायचेत."

एवढंच. मुलं झाडाकडे पळाली. आईबाप मागोमाग. साहेबही पाहुण्यांना घेऊन निघाले. कुणीही जाळीकडे वळून पाहिलं नाही. वाटेवर मी, मास्तर आणि पानं.

मास्तरांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. ती पडली नव्हती. फक्त त्यांच्यावाचून पुढे गेली होती.

त्यांनी टोपी मागे सरकवली, छाती भरून श्वास घेतला आणि भर वाटेत उभं राहून शीळ घातली. जाळीतून यायची तिच्यापेक्षा कितीतरी मोठी, रान हलवून सोडणारी. सगळी गर्दी वळली. झाडावर नाही, सरळ मास्तरांवर डोळे.

"आजोबा, तुम्हीच हळद्या?" पहिल्या दिवशीची ती मुलगी ओरडली.

हशा उसळला. साहेबांनी 'मला पहिल्यापासून माहीत होतं' असं तोंड केलं. साहेब लोकांना हे तोंड नोकरीबरोबरच मिळतं. पिकलेल्या केसांचा तो चोर लालबुंद होऊन उभा होता. तेव्हा सून गर्दीतून वाट काढत मागे आली.

"हो, हाच तो," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मागे राहिलेला."

"मागे नाही राहणार!" मास्तर फिसकारले.

"मग या पुढे." तिनं त्यांचा कोपर धरला. "पण बाबा, सरळ चालायचं. उलटं नाही."

टाळ्या त्या दिवशी खूप वाजल्या. परतताना जिन्यात मास्तरांनी मला थांबवलं. "खरं सांगा बाई, टाळ्या कुणाला होत्या?"

"तुम्हाला."

"मग पोरं तिच्याच मागे का धावली?"

आता फेरी दोघं नेतात. बोलणं तिचं, शीळ यांची. शेकोटीच्या दिवशी बटाट्यांभोवती बसलेल्या लोकांसमोर साहेबांनी गळ घातली, मास्तर, सुनेलाही शीळ शिकवा. मास्तरांना नाही म्हणता आलं नाही. रोज संध्याकाळी खालून वाफेचे आवाज येतात आणि मास्तरांचा वैतागलेला आवाज. वर येऊन ते मला खुशीत सांगतात, "सगळं शिकवलंय. जीभ कुठे टेकवायची तेवढं सोडून."

परवा ते केस कापायला गेले होते. मी जिना उतरत होते, आणि त्यांच्या स्वयंपाकघरातून हळद्याची शीळ आली. स्वच्छ, गोल, शेवटच्या वळणासकट. मी दारातून डोकावले. सून ओट्याशी पाठमोरी उभी होती. चाहूल लागली तशी वळली, मला पाहिलं, आणि पिठाचं बोट ओठांवर ठेवलं.

मी मान हलवली. त्या संध्याकाळी खालून पुन्हा किटलीची वाफ ऐकू आली, आणि मागोमाग मास्तर शीळ घालत, सरळ, मध्ये न तोडता, माझ्या चहाला वर आले.

हे लिहिलेलं त्यांच्या हाती पडेल अशी भीती मला नाही. माझं काही छापून आलं की ते वाचत नाहीत. त्यांना सहन होत नाही.